लाईट परत आली, सर्व्हर मात्र उठला नाही

घरी शिकण्यासाठी सर्व्हर चालवणाऱ्या अनेकांची तक्रार एकच असते. आठ-पंधरा दिवस सगळं सुरळीत चालतं, मग एकदा लाईट जाऊन येते आणि साइट उघडत नाही. हाताने दोन-चार गोष्टी परत सुरू केल्या की गाडी रुळावर येते. चालू झालं ना, मग कशाला खोलात जा, असं म्हणून आपण सोडून देतो, आणि पुढच्या खेपेला तेच. माझ्याकडे हे वर्षभराहून जास्त चाललं. शेवटी एके दिवशी आईच्या गिऱ्हाइकांची सगळी मापं साइटवरून गायब झाली तेव्हा ठरवलं, आता मुळापर्यंत जायचंच. तिथवर पोचताना जे सापडलं ते क्रमाने सांगतो, कारण यात एक चूक दुसरीच्या मागे लपलेली असते.

आधी मांडणी सांगतो. आम्ही कराडजवळ राहतो. सर्व्हर म्हणजे रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक, पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हणतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एसडी कार्ड आणि डेटासाठी यूएसबीची फिरणारी हार्ड डिस्क. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या खोक्यांत चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात तीन कंटेनर (खोकी): पुढे ब्राउझरची मागणी घेणारा वेब सर्व्हर इंजिनएक्स, मध्ये नोडमध्ये लिहिलेलं माझं अ‍ॅप, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. आई ब्लाउज आणि ड्रेस शिवते. तिच्या मापांच्या वहीची जागा घेणारं हे छोटं अ‍ॅप मी वेब डेव्हलपमेंट शिकता शिकता लिहिलं. याच पायवर मी अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधणारा प्रोग्रॅमही बसवलाय, तो पुढे गोष्टीत येईल. आमच्याकडे आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी काही तास लाईट जाते, आणि वळवाचा पाऊस सुरू झाला की कधीही जाते.

रीबूट करून पाहणं ही चाचणी नव्हे

मी प्रत्येक दुरुस्तीनंतर रीबूटची आज्ञा द्यायचो. दोन मिनिटांत साइट उघडायची, मी समाधानाने झोपायचो आणि पुढच्या लाईटीला पुन्हा बंद. याचं कारण कळायला मला फार वेळ लागला. रीबूट करताना राउटर चालू असतो, फायबरचा डबा चालू असतो, सर्व्हरचं घड्याळ बरोबर असतं, हार्ड डिस्क आधीच फिरत असते आणि डेटाबेस नीट निरोप घेऊन बंद झालेला असतो. लाईट जाऊन येते तेव्हा यातलं एकही खरं नसतं. सगळी यंत्रं एकाच क्षणी थंड अवस्थेतून जागी होतात आणि प्रत्येकाचा जागं होण्याचा वेग वेगळा. माझा पाय मिनिटभराच्या आत कामाला लागतो. फायबरचा डबा आणि राउटर मिळून साडेतीन-चार मिनिटं घेतात. डिस्क कधी लगेच दिसते, कधी दिसत नाही. लवकर उठलेल्याने उशिरा उठणाऱ्याची वाट पाहायला हवी, आणि ती पाहायची हे त्याला कुणीतरी सांगून ठेवायला हवं. आपली सगळी दुरुस्ती इथेच आहे.

जुना ऑफिसातला डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरत असाल तर त्याआधीचा एक प्रश्न: यंत्र मुळात चालू होतंय का? पायला वीज मिळाली की तो आपोआप सुरू होतो. डेस्कटॉपला बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, तसं सांगावं लागतं. पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती बहुधा ‘पॉवर ऑफ’वर असते. ती ‘पॉवर ऑन’ करा. कित्येकांचा प्रश्न एवढ्यावरच मिटतो.

लॉग टिकवा, नाहीतर सगळे अंदाजच

लाईट आल्यावर घाईघाईने सगळं रीस्टार्ट करण्याआधी पाच मिनिटं लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, वाचा. त्यासाठी ते जपलेले असावे लागतात. काही सिस्टिमवर जर्नल, म्हणजे या नोंदींची वही, फक्त मेमरीत असतं आणि वीज गेली की जातं. जर्नलडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टोरेज’ची किंमत ‘पर्सिस्टंट’ केली की मागच्या बूटचे लॉगही राहतात. मग ‘जर्नलसीटीएल -बी’ म्हटलं की या बूटचे आणि ‘-बी -1’ म्हटलं की मागच्या बूटचे लॉग दिसतात. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ने कोणत्या सर्व्हिस पडल्या ते कळतं.

ब्राउझरमधला संदेशही नीट वाचा. साइट उघडतच नाही आणि वाट पाहून ब्राउझर हार मानतो, तर अडचण राउटर, डीएनएस किंवा पत्त्याची. ‘502 बॅड गेटवे’ दिसतं तेव्हा इंजिनएक्स जिवंत असतो आणि त्याच्या मागचं अ‍ॅप सापडत नसतं. ‘504’ असेल तर अ‍ॅपपर्यंत मागणी पोचली, पण उत्तर वेळेत आलं नाही. मी सुरुवातीला 502 दिसलं की राउटर बंद-चालू करत बसायचो. त्यात बऱ्याच संध्याकाळी गेल्या.

घड्याळ

माझ्या लॉगमध्ये एक विचित्र गोष्ट होती. सकाळी दहाला गेलेली लाईट दुपारी पावणेचारला आली, पण नव्या बूटच्या पहिल्या ओळींवर वेळ सकाळची दहाची. काही मिनिटांनी वेळ एकदम पावणेचारवर उडी मारते. रास्पबेरी पाय 4 आणि त्याआधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाय 5 मध्ये ते आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. घड्याळ नसलेला पाय शेवटची जतन केलेली वेळ धरून उठतो आणि मग इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरकडून खरी वेळ मागून घेतो.

पाच-सहा तासांचा फरक बहुतेक वेळा निभावून जातो. दिवाळीत मात्र आम्ही बारा दिवस गावी गेलो आणि जाताना मेन स्विच बंद केला. परत आल्यावर काहीच चालेना. पायवरून कोणतंही नाव सापडत नव्हतं. पत्त्याने पिंग केलं की उत्तर यायचं, नावाने केलं की नाही. कारण मोठं सुरेख आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. अनबाउंड डीएनएसच्या उत्तरांवरच्या डीएनएससेक सह्या, म्हणजे उत्तर खरं असल्याच्या खुणा, तपासतो. प्रत्येक सहीवर ती कधीपासून कधीपर्यंत चालेल याची तारीख असते. माझ्या पायच्या मते अजून बारा दिवसांपूर्वीची तारीख चालू होती, म्हणून आज केलेली सही त्याला भविष्यातली वाटली आणि त्याने ती नाकारली. रूटपासूनच, म्हणजे डीएनएसच्या सर्वांत वरच्या पायरीपासूनच, सगळं नाकारलं. वेळ दुरुस्त करायची तर टाइम सर्व्हरचं नाव शोधायला हवं, नाव शोधायला डीएनएस हवा, आणि डीएनएस चालायला वेळ बरोबर हवी. कोंबडी आधी की अंडं आधी.

सुटण्याचे मार्ग दोन आहेत आणि मी दोन्ही केले. घड्याळ जुळवणाऱ्या टाइमसिंकडीच्या कॉन्फिगमध्ये एक टाइम सर्व्हर नावाऐवजी आकड्यांच्या पत्त्याने दिला, म्हणजे वेळ विचारायला डीएनएस लागत नाही. गूगलच्या सार्वजनिक टाइम सर्व्हरचा 216.239.35.0 हा पत्ता त्यासाठी चालतो. दुसरं म्हणजे डीएस3231 चिपचं छोटं घड्याळ पायच्या पिनांवर बसवलं. त्यात सीआर2032 ही नाण्याएवढी बॅटरी बसते. बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालावी लागते, तेवढंच. अनबाउंड नसला तरी घड्याळाकडे दुर्लक्ष करू नका. वेळ मागे असली की एचटीटीपीएसची नुकतीच निघालेली प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारली जातात. मग एपीआयची मागणी फसते, पत्ता बदलल्याचं कळवणारी स्क्रिप्ट फसते, आणि संदेशात घड्याळाचं नावही नसतं.

राउटरच्या आधी जागा झालेला सर्व्हर

माझ्याकडे इंटरनेटचा पत्ता बदलता आहे. राउटर बंद होऊन चालू झाला की नवा पत्ता मिळतो आणि साइटचं नाव पत्त्याशी जोडून देणाऱ्या डकडीएनएस या सेवेला तो कळवावा लागतो. माझी स्क्रिप्ट बूट होताना एकदा चालायची. तेव्हा राउटर अजून डोळे चोळत असायचा. स्क्रिप्ट फसायची आणि साइटचं नाव जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहायचं.

बूट होताना सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीत ‘नेटवर्क.टार्गेट’ या टप्प्यानंतर सुरू हो असं लिहून काही साधत नाही, कारण त्याचा अर्थ नेटवर्कची व्यवस्था उभी राहिली एवढाच. ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ वापरा, आणि ‘आफ्टर’सोबत ‘वाँट्स’ची ओळही लिहा, नाहीतर ते टार्गेट खेचलंच जात नाही. पण हेही पुरत नाही. त्याचा अर्थ पायला घरातला पत्ता मिळाला असा होतो, बाहेर इंटरनेट पोचलंय असा नाही. राउटर आधी उठतो आणि फायबर मागाहून जुळतं, तेव्हा मधली दोन मिनिटं घरात सगळं आलबेल आणि बाहेर शून्य. म्हणून पत्ता कळवण्याचं काम मी बूटला बांधलंच नाही. दर पाच मिनिटांनी चालणारा सिस्टिमडी टायमर लावला. एक खेप फसली तर पुढची आहेच.

इथेच आणखी एक खोडा असतो. सिस्टिमडीची सर्व्हिस पडली की परत उठवायला आपण ‘रीस्टार्ट’ची ओळ लिहितो आणि निर्धास्त होतो. पण कुठलीही वेगळी सेटिंग नसेल तर दोन प्रयत्नांमध्ये फक्त 100 मिलिसेकंदांचं अंतर असतं, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सर्व्हिस सुरू करून झाली की सिस्टिमडी पुढे प्रयत्न करत नाही. सुरू होताच पडणारी सर्व्हिस सेकंदभरात पाचही संधी संपवते, आणि राउटर यायला चार मिनिटं असतात. लॉगमध्ये ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असं दिसलं तर हेच झालंय. ‘रीस्टार्टसेक’ 15 सेकंद करा आणि ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ शून्य करा, म्हणजे सर्व्हिस थकणार नाही.

घरातल्या उपकरणांना राउटरकडून ठरावीक पत्ता बांधून घ्या. तो नसला की लाईट आल्यावर पायला वेगळा पत्ता मिळतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरची मागणी घरातल्या यंत्राकडे वळवणारी राउटरची सोय, कुठल्यातरी मोबाइलकडे बोट दाखवत बसतं. राउटरच्या पानावर दिसणारा वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने बाहेरचा एकच पत्ता अनेकांत वाटलाय. मग पोर्ट फॉरवर्डिंग कधीच चालणार नाही. आतून बाहेर जोडणी करणाऱ्या क्लाउडफ्लेअर टनेल किंवा टेलस्केल या सेवांचा रस्ता धरा.

डेटाबेस उठतोय, अ‍ॅप पडलंय

अचानक वीज गेल्यावर पोस्टग्रेस उठतो तेव्हा आधी आपली नोंदवही वाचतो. प्रत्येक बदल मूळ फाइलमध्ये जाण्याआधी वॉल नावाच्या नोंदवहीत लिहिलेला असतो. अर्धवट राहिलेलं काम तो त्यावरून पूर्ण करतो. वीज गेली तरी कमिट (पक्का) झालेला व्यवहार जात नाही तो यामुळे. पण या वाचनाला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कुणी दार ठोठावलं तर उत्तर मिळतं: ‘द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’. माझं अ‍ॅप हे ऐकून तिथेच मान टाकायचं.

कंटेनरांची मांडणी जिथे लिहितात त्या डॉकर कंपोझच्या फाइलमध्ये मी ‘डिपेंड्स ऑन’ लिहिलं होतं. पोस्टग्रेसची तब्येत तपासणारं ‘पीजी-इझरेडी’ही लावलं होतं. तरी का होतंय ते कळेना. उत्तर असं आहे: ‘डिपेंड्स ऑन’ तेव्हाच पाळलं जातं जेव्हा तुम्ही स्वतः ‘डॉकर कंपोझ अप’ म्हणता. यंत्र बूट होताना कंपोझ चालतच नाही. डॉकरचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, प्रत्येक कंटेनरची रीस्टार्ट पॉलिसी बघून त्याला उठवतो. कोण कुणावर अवलंबून आहे हे त्याच्या गावीही नसतं. शिवाय माझ्या अ‍ॅपची पॉलिसी ‘ऑन-फेल्युअर’ होती. डीमन नव्याने सुरू झाला की या पॉलिसीचे कंटेनर उठवले जात नाहीत. ‘अनलेस-स्टॉप्ड’ ठेवा. पण एखादा कंटेनर तुम्ही हाताने थांबवून विसरलात, तर तो लाईट आल्यावरही थांबलेलाच राहील हे लक्षात असू द्या.

खरी दुरुस्ती अ‍ॅपमध्येच आहे. डेटाबेसशी पहिला संपर्क फसला तर दोन सेकंद थांबून पुन्हा, मग चार, मग आठ, असं करत राहायला शिकवा. मी त्यासाठी वीस-बावीस ओळी लिहिल्या. वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्याने हा भाग लायब्ररीवर न सोडता एकदा स्वतः लिहावा असं मला मनापासून वाटतं. आपलं अ‍ॅप एकटं नाही, हे त्यातून हाताला कळतं.

इंजिनएक्सचं एक वेगळंच दुखणं. तो सुरू होताना अ‍ॅपच्या नावाचा पत्ता एकदा शोधतो आणि तोच धरून बसतो. डॉकरच्या जाळ्यात कंटेनरना पत्ते उठण्याच्या क्रमाने मिळतात. अ‍ॅप दोनदा पडून तिसऱ्यांदा उठलं आणि मधल्या काळात तो पत्ता दुसऱ्या कंटेनरने घेतला, तर अ‍ॅप ठणठणीत असूनही 502 येत राहतं. इंजिनएक्स रीलोड केला की चालतं. कायमचं करायचं तर ‘रिझॉल्व्हर’ म्हणून डॉकरचा आतला डीएनएस 127.0.0.11 द्या आणि ‘प्रॉक्सी पास’मध्ये पत्ता थेट न लिहिता व्हेरिएबलमधून द्या. मग तो नाव पुन्हा पुन्हा शोधतो.

मापं गेली

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो दिवस.

बूट होताना कोणती डिस्क कुठल्या फोल्डरवर माउंट करायची (जोडायची) हे एफस्टॅब या फाइलमध्ये लिहितात. सुरुवातीला त्यातली डिस्कची ओळ साधीच होती. लाईट आल्यावर डिस्क दिसली नाही की बूट दीड मिनिट थांबायचं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जायचं. नेटवर्क नाही, दुरून आत शिरायचं एसएसएच नाही, टीव्हीला वायर जोडून कीबोर्डवर बसावं लागायचं. जिथे तिथे एकच उपाय सांगितलेला दिसतो: ओळीत ‘नोफेल’ घाला. घातलं. बूट अडकणं थांबलं, जीव भांड्यात पडला. आणि मी आगीतून फुफाट्यात पडलो.

पुढच्याच आठवड्यात लाईट येऊन तासभर झाला असेल, आई मशीनवरून उठून आली. हातात मोबाइल. म्हणाली, “अरे, सगळी पानं कोरी दिसतायत. पाटीलवहिनींचं माप कुठं गेलं?” मी साइट उघडली. लॉगिन झालं, रकाने होते, शोधाची चौकट होती आणि खाली एकही नाव नाही. गिऱ्हाइकं शून्य. तोंडचं पाणी पळालं. पायवर जाऊन डिस्कच्या फोल्डरमध्ये पाहिलं तर फाइली जागच्या जागी, आकारही पूर्वीइतकाच. पण डेटाबेसला विचारलं की तो म्हणे शून्य. एकाच फोल्डरमध्ये फाइली आहेत आणि नाहीतही.

झालं असं होतं. ‘नोफेल’मुळे डिस्कची वाट पाहणं हे बूटवर बंधनकारक राहत नाही. डिस्क माउंट होण्याआधीच डॉकर सुरू होऊ शकतो. त्या दिवशी डिस्कला वीस सेकंद उशीर झाला. डॉकरने पोस्टग्रेसचं फोल्डर शोधलं, ते सापडलं नाही, म्हणून एसडी कार्डावर त्याच वाटेला रिकामं फोल्डर तयार केलं. कंपोझमधल्या छोट्या पद्धतीने लिहिलेल्या व्हॉल्यूमच्या (कंटेनरला जोडलेल्या फोल्डरच्या) बाबतीत तो हे कुणाला न विचारता करतो. पोस्टग्रेसला रिकामं फोल्डर दिसलं, त्याने नवा कोरा डेटाबेस मांडला. अ‍ॅपने मायग्रेशन (टेबल मांडणारी स्क्रिप्ट) चालवून कोरे टेबल बनवले. सगळ्यांनी आपापलं काम अगदी शिकवल्यासारखं केलं. नंतर डिस्क आली आणि त्या फोल्डरवर माउंट झाली. मला वरून डिस्कवरच्या खऱ्या फाइली दिसत होत्या, आणि कंटेनर मात्र खाली झाकल्या गेलेल्या एसडी कार्डावरच्या फोल्डरला धरून बसला होता. कंटेनरच्या आत डिस्कची जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा दिली तेव्हा डेटाच्या फोल्डरसमोर एसडी कार्डाचा आकार दिसला. तिथे कोडं सुटलं.

असं झालं तर सर्वांत आधी काहीही रीस्टार्ट करू नका. आईने तोवर दोन नव्या गिऱ्हाइकांची मापं त्या कोऱ्या डेटाबेसमध्ये घातली होती. कंटेनर चालू होता म्हणून मी त्यातून ‘पीजी-डंप’, म्हणजे डेटाबेसची नक्कल, काढून घेतला. मग कंटेनर थांबवून परत सुरू केला, तो आता खऱ्या डिस्कवर उघडला, पाटीलवहिनी परत आल्या आणि डंपमधल्या त्या दोन नोंदी हाताने घातल्या. तुम्ही आधीच रीस्टार्ट केलं असेल तरी घाबरू नका. झाकलेलं फोल्डर एसडी कार्डावर तसंच असतं. मूळ फाइल सिस्टिम ‘माउंट --बाइंड’ने दुसऱ्या रिकाम्या फोल्डरवर लावली की खालचं सगळं दिसतं.

परत होऊ नये म्हणून मी चार गोष्टी केल्या, आणि यातली एकही वगळू नये असं माझं मत आहे. डॉकरच्या सर्व्हिसला पुरवणी कॉन्फिग जोडून त्यात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’पुढे डिस्कची वाट लिहिली. आता डिस्क माउंट झाल्याशिवाय डॉकर सुरूच होत नाही, आणि ‘नोफेल’ही राहतं, म्हणजे डिस्क मेली तरी एसएसएचने आत शिरता येतं. दुसरं, कंपोझमध्ये व्हॉल्यूम लांब पद्धतीने लिहून ‘क्रिएट होस्ट पाथ’ला ‘फॉल्स’ दिलं. फोल्डर नसेल तर कंटेनरने चूक दाखवून पडावं, नवं बनवू नये. तिसरं, डिस्क काढून ठेवून माउंटच्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटर +आय’ चालवलं. त्यामुळे डिस्क नसताना रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) त्यात काही बनवता येत नाही. डिस्क वर माउंट झाली की या बंदीचा काही अडथळा नाही. चौथं, एफस्टॅबमध्ये डिस्क ‘एसडीए’ वगैरे नावाने न लिहिता यूयूआयडी या तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने लिहिली, कारण दोन डिस्क असल्या की नावांची अदलाबदल होते.

डिस्क उशिरा का येत होती? पाय 4 च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून 1.2 अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. फिरणारी डिस्क थंड अवस्थेतून उठताना थोडा वेळ जास्त प्रवाह ओढते, आणि सोबत दुसरं काही जोडलेलं असलं की तिला पुरत नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेतला आणि उशीर जवळजवळ थांबला.

इन्व्हर्टरचं बटण

घरी इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच सर्व्हर बंद पडतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. इन्व्हर्टरवर बहुधा एक छोटं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. पंखे-दिव्यांसाठी ते नॉर्मलवर ठेवलेलं असतं. तिथे बॅटरीवर जाताना क्षणभर जो खंड पडतो तो पंख्याला कळत नाही, संगणकाला कळतो. यूपीएसवर टाका. व्होल्टेज फार खाली-वर होणाऱ्या गावात मात्र यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो, तेवढं पाहून ठरवा.

राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटला. राउटर बंदच पडत नाही, मग पत्ता बदलत नाही आणि वर सांगितलेली निम्मी भानगड उरत नाही.

यूपीएसला यूएसबीने जोडून बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंद करायचा असेल तर नट नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यातला एक सापळा: बॅटरी संपत आली, नटने पायला नीट बंद केलं, आणि तेवढ्यात लाईट आली. यूपीएसचा पुरवठा तुटलाच नाही, मग पायला ‘वीज परत आली’ हे कळणार कसं? तो बंदच बसून राहतो. यासाठी बंद होताना शेवटी यूपीएसला आपला पुरवठा तोडून परत द्यायची आज्ञा जावी लागते. नटमध्ये तशी सोय आहे, पण यूपीएसने ती पाळायला हवी. विकत घेण्याआधी नटच्या सुसंगत यादीत मॉडेल पाहा.

मेन स्विच बंद करून पाहा

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हे करतो. आधी ‘पीजी-डंप’ काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवतो. मग अ‍ॅपमध्ये एक खोटं गिऱ्हाईक घालतो आणि त्याच मिनिटाला राउटर, फायबरचा डबा, डिस्कचा हब आणि पाय ज्या बोर्डवर आहेत त्याचं बटण बंद करतो. डीसी यूपीएसची पिनही काढतो. वीस मिनिटं तसंच ठेवतो, म्हणजे डिस्क पूर्ण थांबते. मग बटण चालू करून कीबोर्डला हात न लावता मोबाइलच्या डेटावरून, वायफाय बंद करून, साइट उघडेपर्यंत वेळ मोजतो. वायफाय बंद करणं महत्त्वाचं आहे. काही राउटरवर घरातून बाहेरच्या नावाने साइट उघडतच नाही, काहींवर उघडते आणि बाहेरून मात्र बंद असते. दोन्हीकडे फसगत होते.

पहिल्या खेपेला साइट आपोआप उठलीच नाही. दुसऱ्या खेपेला अकरा मिनिटं लागली, त्यातली सहा माझ्या अ‍ॅपने दुप्पट-दुप्पट थांबण्यात घालवली होती. थांबण्याची कमाल मर्यादा 30 सेकंद केली. परवाच्या रविवारी पाच मिनिटं दहा सेकंद लागली, खोटं गिऱ्हाईक जागेवर होतं. ते खोडून टाकलं आणि आईला फोन दिला. तिने चष्मा लावून पाटीलवहिनींचं पान उघडलं, बाहीचं माप वाचलं आणि कापड बेतायला घेतलं.